काट्यावरचं वजन, तोंडी भाव: जिनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शिस्त कुठे लावावी, याचं एक प्रकरण

जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांसाठी, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या जळगावातल्या एका छोट्या कंपनीने २०२२-२३ च्या कापूस हंगामात कामाची पद्धत दोनदा बदलली. आधी सगळं तोंडी आणि सुचेल तसं चालायचं. मग सगळं कागदावर, टप्प्याटप्प्याने चालवायचं ठरलं. दोन्हींत नुकसान झालं. त्यानंतर जी पद्धत बसली तिला सुवर्णमध्य म्हणता येणार नाही, कारण तिच्यात कामाचे काही भाग पहिल्यापेक्षा कितीतरी कडक झाले आणि काही पहिल्यापेक्षाही मोकळे. कोणता भाग कुठल्या बाजूला टाकायचा हे कसं ठरलं, यासाठी हे प्रकरण लिहावंसं वाटलं. कामाच्या पद्धतींवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक मोठ्या शहरांतल्या मोठ्या कंपन्यांविषयी असतं. तालुक्याच्या गावी सहा-सात माणसं मिळून जे सॉफ्टवेअर लिहितात, त्यावर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईचा हिशोब निघतो. त्या कामाचाही तितकाच बारकाईने विचार व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

कंपनी, जिनिंग आणि गावं यांची नावं दिलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायद्याच्या तारखा आणि बाजाराची परिस्थिती मात्र जशी होती तशीच ठेवली आहे.

पार्श्वभूमी

या कंपनीचं मुख्य उत्पादन म्हणजे जिनिंग-प्रेसिंगच्या खरेदी-विक्रीचं सॉफ्टवेअर. ग्राहक जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत, बहुतेक तापीच्या पट्ट्यात. ज्यांनी जिनिंग आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कामाचा क्रम सांगतो. शेतकऱ्याची गाडी फाटकातून आत येते. भरल्या गाडीचं वजन काट्यावर होतं. ग्रेडर कापूस हातात घेऊन बघतो, मीटर लावून ओलावा मोजतो, भाव ठरतो. गाडी ढिगावर रिकामी होते, रिकाम्या गाडीचं वजन होतं आणि हिशोबपट्टी निघते. पट्टीवर निव्वळ वजन, ओलाव्याची कपात, हमाली, आधी घेतलेली उचल आणि हातात पडणारी रक्कम. पुढे त्या कापसाची रुई आणि सरकी होते. रुईची साधारण १७० किलोची गाठ बांधतात, पण भाव ३५६ किलोच्या खंडीवर ठरतो. सरकी क्विंटलने तेल गिरणीकडे जाते. म्हणजे एकाच सॉफ्टवेअरमध्ये किलो, क्विंटल, खंडी आणि गाठ ही मापं सतत एकमेकांत बदलावी लागतात.

मुहूर्ताची खरेदी गणेश चतुर्थीला होते, खरी आवक दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते. पावसाळ्यात जिनिंग बंद असतात, यंत्रांची दुरुस्ती चालते. सॉफ्टवेअरवाल्यांनाही निवांत काम करायला तेवढेच महिने.

कंपनीत सहा माणसं. संस्थापक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते स्वतः काही वर्षं एका जिनिंगचा हिशोब सांभाळून आलेले. एक ज्येष्ठ डेव्हलपर, हाताला विलक्षण वेग असलेला. इथल्याच कॉलेजांतून शिकलेले दोन तरुण. काटा, प्रिंटर आणि केबल जोडणारा एक जण. आणि फोन घेणाऱ्या ताई. तिन्ही जिल्ह्यांतला प्रत्येक मुनीम त्यांना आवाजावरून ओळखतो.

कामाची रीत अशी होती. मुनिमाचा फोन यायचा, ताई त्यांच्या जाड वहीत तो टिपून घ्यायच्या, ज्येष्ठ डेव्हलपर एनीडेस्कने (दूरवरून दुसरा संगणक चालवण्याचं सॉफ्टवेअर) थेट जिनिंगच्या संगणकावर जायचा आणि दहा मिनिटांत बदल करून द्यायचा. कधी तो बदल ऑफिसच्या प्रतीत यायचा, कधी राहून जायचा. ऑफिसच्या संगणकावर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन दसरा’ अशी फोल्डरं होती. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट २००५ पासून जगात आहे आणि फुकट आहे. दोन्ही तरुण स्वतःच्या लॅपटॉपवर ते वापरतही होते, पण ऑफिसच्या कामात ते आलेलं नव्हतं.

या रीतीला नुसता गोंधळ म्हणणं अन्यायाचं होईल. कंपनी उभी राहिली ती याच चपळाईवर. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि १५ नोव्हेंबर २०१७ पासून, म्हणजे ऐन आवकेत, शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा कर खरेदीदाराने रिव्हर्स चार्जखाली भरायचा असा बदल झाला. मोठ्या पॅकेजवाल्यांची वाट बघत बसलेल्या जिनिंगवाल्यांना या कंपनीने थोड्याच दिवसांत चालता मार्ग काढून दिला होता. त्यातले बरेच जण आजही ग्राहक आहेत.

अडचण

२०२२ च्या हंगामाच्या तोंडावर दोन गोष्टी एकत्र आल्या. १ ऑक्टोबर २०२२ पासून ई-इनव्हॉइसची, म्हणजे प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याच्या सक्तीची, मर्यादा २० कोटींवरून १० कोटींच्या उलाढालीवर आली. कंपनीचे कित्येक मध्यम ग्राहक एका दिवसात त्या नियमाखाली आले. दसरा होता ५ ऑक्टोबरला. त्यामुळे ई-इनव्हॉइसचा भाग सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसांत घाईने लिहून प्रत्येक जिनिंगवर टाकला गेला, आणि ऑक्टोबरभर त्याच्या सुधारित आवृत्त्या जात राहिल्या.

याच दरम्यान एका जिनिंगच्या मालकांनी शेतकऱ्यांना शब्द दिला होता की ओलाव्याच्या आकड्यातला पूर्णांकापुढचा भाग शेतकऱ्याच्या बाजूने सोडून देऊ. मीटरवर ९.६ आलं तर ९ धरायचं. ८ टक्क्यांच्या वर दर टक्क्याला क्विंटलमागे एक किलो कपात, हा त्यांचा नियम. ज्येष्ठ डेव्हलपरने तो बदल त्याच दिवशी थेट तिथल्या संगणकावर करून दिला. ऑफिसच्या प्रतीत तो आला नाही. पुढे नोव्हेंबरमध्ये ई-इनव्हॉइसची दुरुस्ती ऑफिसमधून दुपारी पाठवली गेली आणि तिने हा बदल पुसून टाकला. आता ९.६ चे १० होऊ लागले.

हे उघडकीला आणलं दोन भावांनी. एकाची गाडी सकाळी खाली झाली होती, दुसऱ्याची संध्याकाळी. वावर एक, वेचणी एक, मीटरचा आकडाही एकच. सकाळच्या पट्टीत क्विंटलमागे एक किलो कपात, संध्याकाळच्या पट्टीत दोन. वीस क्विंटलवर फरक वीस किलोंचा, आणि भाव साडेआठ हजार धरला तर सतराशे रुपयांचा. दोघांनी दोन्ही पट्ट्या मुनिमासमोर शेजारी शेजारी ठेवल्या.

पैसे परत देता येतात, आणि ते दिलेही गेले. पण आमच्याकडे काट्याविषयीची शंका त्याच संध्याकाळी गावात पोचते. मालकांनी अपडेटनंतरची प्रत्येक पट्टी पुन्हा तपासायला लावली. ज्यांना कमी मिळालं होतं त्यांना बोलावून पैसे दिले.

त्याच पंधरवड्यात दुसरीकडे वेगळी चूक झाली. नवीन पार्टीची माहिती भरताना ‘पुरवठ्याचं ठिकाण’ हा रकाना महाराष्ट्रावरच अडकून राहत होता. गुजरातच्या सूतगिरणीला गेलेल्या गाठींच्या बिलात आयजीएसटीऐवजी (परराज्यातल्या विक्रीचा कर) सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा कर) लागला. ई-इनव्हॉइस पोर्टलवर नोंदलं की तिथे ते बदलता येत नाही. २४ तासांच्या आत रद्द करता येतं, पण तोच बिल क्रमांक पुन्हा चालत नाही. सूतगिरणीच्या हिशोबनिसाने चूक पकडेपर्यंत ती मुदत उलटून गेली होती. मग क्रेडिट नोट, नवीन बिल, आणि तोवर अडकलेलं पेमेंट.

दोन्ही चुकांचं मूळ एकच होतं: कोणत्या जिनिंगवर कोणता प्रोग्रॅम चालू आहे हे खात्रीने सांगता येईल असा माणूस ऑफिसात नव्हता.

समोर असलेले पर्याय

भाऊंनी सगळ्यांना बसवलं. बैठकीत चार मतं निघाली.

ज्येष्ठ डेव्हलपरचं म्हणणं, माणूस वाढवा. पद्धतीत दोष नाही, एका माणसाच्या डोक्यावर फार ओझं आहे. यात तथ्य होतं. पण दुसरा माणूस आला असता तरी त्यानेही तेच केलं असतं, आणि मग दोन डोक्यांत दोन वेगवेगळे प्रोग्रॅम राहिले असते.

दोन्ही तरुणांचं मत, हंगामात बदलच बंद करा. ऐकायला सोपं. पण कायदा हंगाम बघून बदलत नाही, हे २०१७ ने शिकवलं होतं.

तिसरा पर्याय भाऊंच्या भाच्याने मांडला. तो पुण्यात एका मोठ्या आयटी कंपनीत आहे आणि तेव्हा घरी आलेला होता. प्रत्येक मागणी लेखी, तिच्यावर ग्राहकाची सही, बदलासाठी ठरलेला अर्ज, दोन आठवड्यांचे स्प्रिंट (ठरलेल्या कामांचे छोटे टप्पे), रोज सकाळी पंधरा मिनिटांची उभी बैठक, चाचणी झाल्याशिवाय काहीही बाहेर जाणार नाही. त्याने मांडलं ते नीट, आणि मामांच्या कंपनीबद्दलच्या काळजीने.

चौथा विचार ताईंचा होता, पण त्या दिवशी तो अर्धाच बोलला गेला. त्या म्हणाल्या, “भाऊ, सगळे फोन सारखे नसतात.” वेळ संपली होती. विषय तिथेच राहिला.

इथे थोडं थांबतो, कारण अशा चर्चेत दोन्ही पक्ष ज्या दाखल्यांचा आधार घेतात ते अनेकदा अर्धेच सांगितले जातात. टप्प्याटप्प्याच्या पद्धतीचा उगम म्हणून विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा निबंध दाखवतात. त्याच निबंधात त्यांनी त्या सरळ उतरत्या मांडणीला धोक्याचं म्हटलं आहे, कारण चाचणी शेवटी येते आणि तिथे मोठा दोष सापडला तर पार आधीच्या टप्प्यांपर्यंत मागे जावं लागतं. दुसरीकडे, फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे सतरा जणांनी चपळ, बदलाला सरावलेल्या कामाच्या पद्धतीचा जो अजाइल जाहीरनामा लिहिला, त्याचा आधार ‘कागद नको, योजना नको’ म्हणणारे घेतात. त्या जाहीरनाम्यात योजनेला आणि दस्तऐवजालाही किंमत आहे असं स्पष्ट लिहिलेलं आहे, फक्त बदलाला साद देणं आणि चालतं सॉफ्टवेअर यांना जास्त. आणि त्याच गोटातली एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही पद्धत नियोजनात मोकळी असली तरी चाचणीत कमालीची कडक आहे: आधी चाचणी लिहायची, मग कोड. म्हणजे ज्यांनी या पद्धती घडवल्या त्यांनी शिस्त काढून टाकली नव्हती, तिची जागा बदलली होती. त्या बैठकीत हे कोणी बोललं असतं तर पुढचे दोन महिने वाचले असते, असं मला वाटतं.

पहिला निर्णय

भाऊंनी भाच्याचा पर्याय पूर्णच्या पूर्ण घेतला. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात अंमल सुरू झाला.

चांगलं काय झालं ते आधी. सगळा कोड गिटमध्ये आला. प्रत्येक जिनिंगवरची प्रत आणून तिची ऑफिसच्या प्रतीशी तुलना झाली, आणि ग्राहकागणिक किती ठिकाणी फरक आहेत हे पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं. एवढ्या एका कामासाठी तरी तो निर्णय योग्य होता.

बाकीचं मात्र काट्यावर टिकलं नाही. त्या हंगामात आवक विचित्र होती. २०२१-२२ मध्ये कापसाला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव मिळाला होता, त्यामुळे तसाच भाव पुन्हा येईल या आशेने शेतकऱ्यांनी कापूस घरात साठवून ठेवला. फाटकावर सरळ शेतकऱ्याच्या गाड्या कमी आणि खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्यांच्या जास्त. व्यापारी गावातून थोडा-थोडा माल गोळा करून एकाच ट्रकमध्ये आणतो. वजन एकाच गाडीचं, पण पट्ट्या वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या नावे हव्या असतात. सॉफ्टवेअरमध्ये एका गाडीला एकच पट्टी होती.

धुळ्याकडच्या एका मुनिमाने ही मागणी फोनवर सांगितली. पूर्वी तिथल्या तिथे काहीतरी जोडून दिलं गेलं असतं. आता ताईंना सांगावं लागलं की अर्ज भरा, मालकांची सही घ्या, पुढच्या स्प्रिंटमध्ये घेऊ. मुनीम म्हणाला, “गाडी उभी शे ताई, मांगे आखो चार शेतस.” (गाडी उभी आहे, मागे आणखी चार आहेत.) फोन ठेवला आणि कच्ची वही काढली. त्या दिवसापासून ट्रकचं एकूण वजन सॉफ्टवेअरमध्ये आणि शेतकऱ्यांची वाटणी वहीत. दुसऱ्या एका ठिकाणी हाच हिशोब एक्सेलमध्ये गेला.

महिनाभर कंपनीला याचा पत्ताच नव्हता. फोन कमी झाले म्हणून ऑफिसात सगळे निश्चिंत होते, पद्धत लागू पडली असं वाटत होतं. वास्तविक अडचण संपलेली नव्हती, ती कंपनीच्या नजरेआड गेली होती. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा टप्पा हाच, दोन भावांच्या पट्ट्यांपेक्षाही. तेव्हा चूक निदान कागदावर छापली गेली होती. आता हिशोबाचा अर्धा भाग अशा वहीत होता जी ऑफिसातल्या एकानेही पाहिलेली नव्हती.

ऑफिसच्या आतही पद्धत पोकळ होत गेली. अर्ज काम झाल्यावर भरले जाऊ लागले, तारीख मागची टाकून. ज्येष्ठ डेव्हलपर सकाळच्या बैठकीत उभा राहायचा, पण बोलायचा नाही. ज्या माणसाने पाच वर्षं ग्राहक जोडून ठेवले होते, त्याला आता अक्षर बदलायलाही परवानगी लागत होती.

दुसरा निर्णय

जानेवारी २०२३ मध्ये ताई वसुलीच्या कामासाठी स्वतः एका जिनिंगवर गेल्या आणि ती कच्ची वही त्यांनी पाहिली. परत आल्यावर त्यांनी आपली फोनची जाड वही भाऊंसमोर ठेवली आणि नोव्हेंबरमध्ये अर्धं राहिलेलं बोलणं पूर्ण केलं.

त्यांनी त्या हंगामातले फोन पेन्सिलने दोन खुणांत विभागले होते. पहिल्या खुणेचे फोन: प्रिंट मोठी हवी, नाव आधी यायला हवं, दिवसाचा गोषवारा वेगळ्या क्रमाने हवा, मालकांना संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर आकडा जायला हवा. दुसऱ्या खुणेचे: कपात, भाव, उचल, वजन, बिल. पहिल्या प्रकारात चूक झाली तर मुनीम शिव्या देतो आणि अर्ध्या तासात ती दुरुस्त होते. दुसऱ्या प्रकारातली चूक शेतकऱ्याच्या खिशात किंवा सरकारच्या पोर्टलवर गेलेली असते.

ताई म्हणाल्या, “जिनिंगवाले स्वतः कसं करतात ते बघा ना. भाव तोंडी ठरतो, दिवसातून चारदा बदलतो, तिथे सगळी मुभा. पण काट्याला सील असतं. वैधमापनवाल्यांचा शिक्का असल्याशिवाय काट्यावर गाडी घेता येत नाही. काट्यावर मालकाचंही चालत नाही.”

दोन महिने भांडण चाललं होतं ते ‘आपण कसे माणसं आहोत’ यावर. शिस्तीचे की चपळाईचे, पुण्याच्या रीतीचे की जळगावच्या. ताईंनी प्रश्न माणसांवरून कामावर आणला. चूक झाली तर ती कोणाचं नुकसान होण्याआधी मागे घेता येते का? येत असेल तर मोकळेपणा. नसेल तर सील.

भाऊंनी त्याच आठवड्यात स्प्रिंट, अर्ज आणि सकाळची बैठक बंद केली. गिट आणि चाचणी ठेवली. भाच्याला फोन करून सगळं सांगितलं. त्यानेही ते मोकळ्या मनाने मान्य केलं आणि पुढच्या कामात मदतही केली.

काय केलं

सीलबंद भागात पाच गोष्टी ठेवल्या: वजन, कपात, भावाची आकारणी, उचलीची वजावट, ई-इनव्हॉइस. यासाठी लांबलचक मागणीपत्र लिहिण्याऐवजी जिनिंगवाल्यांकडून जुन्या हिशोबपट्ट्या मागवल्या. कोरड्या मालाची, ओल्या मालाची, उचल जास्त असलेली, खेडा खरेदीची, बैलगाडीची, भाव मध्येच बदललेल्या दिवसाची. मुनिमांना मागणीपत्र वाचायला कंटाळा येतो, पण पट्टी दाखवली की ते एका नजरेत सांगतात बरोबर की चूक. प्रत्येक पट्टी म्हणजे एक चाचणी. नवीन आवृत्तीने त्या सगळ्या पट्ट्या पैशापर्यंत जुळवल्या तरच ती बाहेर जाईल, आणि या भागाला हात लावणारा कोड दुसऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय घेतला जाणार नाही, असं ठरलं. भाऊंनाही यात सूट नाही. हे त्यांनी स्वतःच म्हटलं आणि पाळलं.

प्रत्येक जिनिंगचा कपातीचा नियम कोडमधून काढून तक्त्यात टाकला. ९.६ चे ९ धरायचे की १०, हे आता त्या जिनिंगच्या नावापुढे नोंदलेलं असतं, अपडेटने पुसलं जात नाही. हे काम सर्वांत कंटाळवाणं होतं आणि सर्वांत मोलाचं ठरलं. शेतकऱ्यांनी थांबवून ठेवलेला कापूस उन्हाळ्यातही येत राहिला, हंगाम लांबला, त्यामुळे निवांत कामाचे महिनेही कमी मिळाले. तरी पावसाळ्यात ते पूर्ण झालं.

मोकळ्या भागात पडदे, प्रिंट, अहवाल, संदेश. तिथे ज्येष्ठ डेव्हलपरला पूर्ण मोकळीक. उलट दसऱ्यानंतरचे पहिले दिवस तो जिनिंगवर मुनिमाच्या शेजारी बसेल आणि समोरासमोर बदल करेल, असं ठरलं. एकच अट: त्या दिवशी जे जोडलं ते संध्याकाळी ताईंच्या वहीत चार शब्दांत यायला हवं. हंगाम संपल्यावर त्या नोंदींचा निकाल लावायचा. सर्वांना उपयोगी असेल ते मुख्य प्रतीत, नसेल ते काढून टाकायचं.

खेडा खरेदीची मागणी या दोन्हींच्या सीमेवर पडत होती, आणि तिच्यावर बराच खल झाला. वाटणीचा पडदा मोकळ्या भागात गेला, पण ‘शेतकऱ्यांच्या वजनांची बेरीज ट्रकच्या निव्वळ वजनाएवढी असलीच पाहिजे’ ही तपासणी सीलबंद भागात. पडदा मुनिमाच्या शेजारी बसून हवा तसा बदलता येतो, ती बेरीज मात्र ओलांडता येत नाही.

परिणाम

१ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइसची मर्यादा ५ कोटींवर आली. या वेळी बदल पावसाळ्यात आला आणि चाचण्याही तयार होत्या, त्यामुळे काम शांतपणे झालं. २०२३-२४ च्या हंगामात कपातीचा नियम पुसला जाण्याची चूक पुन्हा झाली नाही. कच्च्या वह्या बऱ्याच ठिकाणी बंद झाल्या, सगळीकडे नाही. ज्येष्ठ डेव्हलपर कंपनीतच राहिला. जिनिंगवर बसून त्याने केलेला खेडा खरेदीचा पडदा आज जवळपास सगळे ग्राहक वापरतात.

मात्र नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस अवकाळी पाऊस झाला. वेचणीला आलेला कापूस बोंडातच भिजला. सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) हमीभावाने खरेदी करताना ८ टक्के ओलावा धरते आणि १२ च्या वर माल घेत नाही. खासगी जिनिंगवाले मात्र भिजलेला मालही घेत होते, दर गाडीला वेगळ्या बोलीने. कुठे सरळ भावात तोड, कुठे ठरावीक किलो, कुठे ‘वाळवून आणा’. तक्त्यातला कपातीचा नियम १२ टक्क्यांपर्यंतच्या मालाचा विचार करून केलेला होता, आणि गोळा केलेल्या पट्ट्यांत पावसात भिजलेल्या मालाची एकही पट्टी नव्हती. सीलबंद भाग बदलायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मुनिमांनी छापील पट्टीवर पेनाने आकडे खोडून लिहिले.

त्या वेळी मोह झाला होता की सील तोडावं आणि थेट जिनिंगवर बदल करावा. फोनवर मालक ओरडत होते. भाऊंनी तसं करू दिलं नाही, आणि मला तो निर्णय बरोबर वाटतो, जरी त्याने दोन ग्राहक नाराज झाले. त्याऐवजी एक कायमची सोय केली गेली: पट्टीत ‘विशेष कपात’ अशी एक ओळ, जिथे मुनीम हाताने किलो किंवा रुपये टाकू शकतो, पण कारण लिहावं लागतं, टाकणाऱ्याचं नाव त्याला चिकटतं आणि ती ओळ शेतकऱ्याच्या पट्टीवर ठळक छापली जाते. मुनिमाला वाकायला जागा मिळाली, आणि तो कुठे वाकला हे शेतकऱ्यालाही दिसतं.

वेगळं काय करता आलं असतं

ताईंची वही पहिल्याच बैठकीत उघडायला हवी होती. हंगामभराच्या मागण्यांचा एकमेव पूर्ण दस्तऐवज ऑफिसातच होता आणि तो सांभाळणारी व्यक्ती खोलीत बसलेली होती. पद्धत निवडण्याआधी मागच्या हंगामातल्या मागण्या एकदा वाचून काढल्या असत्या तर भाच्याचा प्रस्ताव पूर्ण घ्यायची किंवा पूर्ण नाकारायची वेळ आली नसती.

बदल ऐन आवकेत लागू करण्याऐवजी नोव्हेंबरमध्ये फक्त गिट आणि प्रतींची तुलना एवढंच केलं असतं तर पुरेसं होतं. नवीन पद्धत शिकायला लागणारी सवड तेव्हा ना ऑफिसात होती ना काट्यावर.

फोन कमी झाल्यावर एकाने तरी जिनिंगवर जाऊन यायला हवं होतं. आता दर महिन्याला ताई किंवा भाऊ एका तरी ग्राहकाकडे जातात आणि मुनिमाच्या टेबलावर कोणती वही आहे ते बघतात.

पैशांचा भाग अजून सुटलेला नाही. वार्षिक देखभाल करारात दोन्ही प्रकारचं काम एकाच रकमेत येतं. सीलबंद भागातल्या एका बदलाला आता दोन माणसांचा वेळ लागतो, ग्राहकाला मात्र तो पूर्वीसारखाच दहा मिनिटांचा वाटतो. करार वेगळे करावेत असं तरुणांचं म्हणणं आहे. भाऊंना भीती की वेगळे पैसे मागितले तर मालक पुन्हा वहीकडे वळतील.

आणि एक वाद चालूच आहे. एका मोठ्या जिनिंगच्या मालकांना ‘विशेष कपात’ची ओळ शेतकऱ्याच्या पट्टीवर छापलेली नको आहे, फक्त आतल्या हिशोबात हवी आहे. कंपनीने नकार दिला आहे. त्या जिनिंगच्या कराराचं नूतनीकरण अजून व्हायचं आहे.